मधाच्या रंगाचा डाग

मामीचा फोन आला तेव्हा मी डोंबिवलीला आमच्या सोसायटीच्या जिन्यात होते. "गेले गं तुझे मामा," एवढंच ती म्हणाली. मी "हो" म्हणाले आणि फोन ठेवला. मला वेळेवर कधीच काही बोलता येत नाही... म्हणून हे लिहिते आहे. मामी वाचेल.

वसंतमामाचं कोपरीत छोटं गॅरेज होतं. जुनी गाडी ऑइल का खाते हे तो अचूक शोधायचा. पण गाडी दाखवायला आणण्याआधी लोक इंजिन पुसून, ऑइल वरपर्यंत भरून आणायचे, त्याचा त्याला भयंकर राग. "पाहुणे बघायला येणारेत का हिला? नटवून कशाला आणलीत? रोगच लपवलात, तर मी काय ओळखणार, कप्पाळ!"

मागच्या वर्षी त्याचीच करडी गाडी ऑइल खायला लागली. मी तिच्यावरच चालवायला शिकलेले. "ये गं इंग्लिश मीडियम, हा अभ्यास तुझा," तो म्हणाला. आधी गाडीखाली पुठ्ठा टाकला. त्यावर थेंब नाही, म्हणजे गळती नाही, इंजिन ऑइल जाळतंय. मग धूर बघायचा. सकाळी सुरू करताना क्षणभर निळा आला तर व्हॉल्व्हचे सील, पळताना जोर दिल्यावर येतच राहिला तर पिस्टनच्या रिंगा. खडवलीच्या रस्त्यावर धूर मला आरशात दिसला, निळसर, न थांबणारा. "रिंगा," मी म्हणाले. रिंगा म्हणजे अख्खं इंजिन उतरवून उघडायचं. मामा म्हणाला, "घाई नको. दर रविवारी येऊन ऑइल मोजायची पट्टी बघ, महिनाभर. मध्ये कुणी भरायचं नाही."

मी जात राहिले. पट्टी दर वेळी वरच्या खुणेपर्यंत ओली. "बघ, बरी झाली," मामा हसायचा. पण फडक्यावर पडणारा डाग दर रविवारी उजळत होता. आधी काळा, मग कोऱ्या चहासारखा, चौथ्या रविवारी जवळजवळ मधाच्या रंगाचा. चालत्या गाडीतलं ऑइल काळं पडत जातं, हे त्यानेच शिकवलेलं. म्हणजे मी यायच्या आधी कुणीतरी ताजं भरत होतं... बॉनेट उघडून तो स्टुलावर बसला. त्याच्या कमरेच्या पट्ट्याला खिळ्याने पाडलेलं नवं भोक होतं, त्याच्या पलीकडे आणखी एक. इंजिन उतरवण्याची ताकद त्याच्यात उरली नव्हती, आणि ते कुणाला कळायला नको होतं. मी तोंड उघडलं.

"काय गं?"

"काही नाही," म्हणत मी फडक्याची घडी घातली, डाग आत जाईल अशी.

तीन महिन्यांनी हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी विचारलं, "वजन कधीपासून उतरतंय? घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?" मामी रडायला लागली, "मी रोज बघत होते हो, तरी मला दिसलं नाही." मला तो रविवार माहीत होता. मी भिंतीकडे बघत राहिले. तेव्हाच आणलं असतं तर, असं काहीतरी डॉक्टर म्हणाले आणि वाक्य अर्धवट सोडून निघून गेले.

गेल्या रविवारी कोपरीला गेले. हॉस्पिटलच्या सगळ्या फेऱ्या त्याच गाडीने झालेल्या. मी पट्टी काढली, पुसली, परत घालून काढली, त्याने शिकवलं तशी. फक्त टोक ओलं होतं, काळंकुट्ट, खालच्या खुणेच्याही खाली. मामी दारात उभी होती. डोळे सुजलेले, साडी कशीतरी गुंडाळलेली.

"बरी आहे ना गं गाडी? यांची तेवढीच राहिलीये."

"बरी आहे, मामी."

ती आत गेली. बाकाखाली मामाचा कॅन होता, निम्मा रिकामा. मी झाकण उघडलं आणि भरत राहिले... वरच्या खुणेपर्यंत.