रांगेच्या मधली जागा

डकोटाच्या माळावरच्या आमच्या गावात व्हर्लिन श्टॅडलर यांनी चाळीस वर्षं ट्रॅक्टर दुरुस्त केले. नुसता आवाज ऐकून ते दुखणं सांगायचे आणि निदान चुकलं तर दोष ट्रॅक्टरचा असायचा. वाट विचारणाऱ्याला ते ताबडतोब वाट सांगत, मग ती असो वा नसो.

शिकारीतही त्यांचा मान मोठा. ऑक्टोबरात फेझंट पक्ष्यांच्या शिकारीचा हंगाम उघडला की आम्ही दहाजण कमरेएवढ्या गवतातून रांगेत चालतो. पक्षी अगदी पायाखालून उठतो. नर तांबूस, गळ्यात पांढरं कडं, शेपूट हातभर, मादी मातकट. मादी मारायला बंदी आहे. म्हणून रांगेच्या मधला माणूस 'नर' किंवा 'मादी' अशी हाळी देतो, आणि हाळीशिवाय रांगेतलं कुणी बंदूक झाडत नाही. ही मधली जागा सदतीस वर्षं व्हर्लिनकाकांची.

मागच्या वर्षी त्यांनी एका घुबडाला 'नर' म्हटलं. सगळे हसत सुटले म्हणून ते बिचारं वाचलं. पुढे वर्षभर काका कॉफीच्या दुकानात शिरले की कुणीतरी कोपऱ्यातून घुबडासारखं घुमायचं. काकांचं म्हणणं, उठण्याची ढब नराचीच होती, घुबडाला ती शोभत नव्हती.

यंदा त्यांचा पुतण्या गेलन, ज्याच्या मालकीचं ते गवत, त्यानं सकाळीच विषय काढला. काकांनी आता टोकाला बसावं, हाळी दुसरं कुणी देईल. गवताच्या पलीकडच्या टोकाला वयस्कर मंडळी खुर्ची टाकून बसतात आणि रांगेपुढे निसटलेले, उंचावरून जाणारे पक्षी टिपतात. गुडघे धरल्यापासून काकांच्या पत्नी आर्डिसकाकू तिथेच असायच्या.

"टोकाला गेलेला माणूस पुन्हा रांगेत आलेला मी पाहिला नाही," काका म्हणाले.

मग सौदा ठरला. पहिल्या शेतात एक जरी हाळी चुकली, तर काका आपणहून खुर्चीत जाणार.

आम्ही निघालो. मी त्यांच्या उजव्या हाताला होतो. दोन माद्या आणि तीन नर उठले, पाचही हाळ्या बिनचूक. खरं सांगायचं तर ते बघतच नव्हते, ऐकत होते. नर उठताना कर्कश ओरडतो, मादी सहसा मुकाट उठते. तिन्ही नर पिशवीत पडले आणि काकांची मान ताठ झाली.

शेवटची शंभर पावलं उरली तेव्हा ऊन थेट डोळ्यांवर होतं. गेलनची कुत्री एका झुडपापाशी थिजली. पक्षी उठला तो सरळ सूर्याच्या दिशेनं, आणि तोंडातून आवाज नाही. सगळ्या बंदुका खांद्याला लागल्या. काकांचं तोंड उघडं, पण हाळी येईना.

"दिसलं नाही," ते शेवटी म्हणाले.

बंदुका खाली आल्या. पक्षी जरा वळला तसं गळ्याचं कडं आणि शेपूट आम्हाला स्वच्छ दिसलं. तो टोकाकडे गेला. तिथे काकूंच्या पाठीला सूर्य होता. त्यांनी खुर्चीतूनच एका बारात त्याला उतरवला.

आता वाद सुरू झाला. एकजण म्हणाला, गप्प राहणं म्हणजे चूकच. मी म्हटलं, चुकायला आधी हाळी द्यावी लागते, आणि ती दिलेलीच नाही. आम्ही भांडत असताना काका बंदूक रिकामी करून टोकाकडे चालूही लागले होते.

"इकडे कुठे?" काकू म्हणाल्या. "खुर्ची एकच आहे, आणि मी उठणार नाही."

गेलन त्यांच्यामागे धावला. "काका, परत या. हे दोन शब्द गेल्या वर्षी सुचले असते तर मी तुम्हाला हलवायला निघालोच नसतो."

काकांनी थोडा वेळ आढेवेढे घेतले, मग आले.

दुसऱ्या शेतात ते मधेच होते. पण त्या दोन शब्दांची त्यांना फार गोडी लागली. सात पक्षी उठले आणि सातही वेळा 'दिसलं नाही'. त्यांतला एक नर तर माझ्या बुटावरून उठून गावभर आरडाओरडा करत गेला. एकानंही बंदूक झाडली नाही. दुपारी जेवायला आम्ही अकराजण आणि पक्षी चार, म्हणून काकूंनी सॉसेज तळायला घेतली. काकांनी तीन खाल्ली.