आगीच्या डब्या भरणाऱ्या आम्ही चौघी

हात कामात आणि तोंड रिकामं, अशी नोकरी ज्याला मिळाली त्याच्याकडं किस्से जमणारच. ऑफिसातल्या लोकांचं डोकंही कामात असतं, त्यांना गप्पा मारायला चहाची सुट्टी लागते. आमचं तसं नव्हतं. कापूस मेणात बुडवा, सुकवा, डबीत ठेवा, पुढची डबी घ्या. त्यामुळं देवरी गावाच्या पुढं, हायवेला लागून असलेल्या त्या टिनाच्या हॉलमध्ये जितक्या डब्या भरल्या, त्याच्या दुप्पट गोष्टी सांगून झाल्या. आता ते काम राहिलं नाही. गोष्टी तेवढ्या आहेत.

आधी डबीचं सांगते. मोठ्या शहरातली पोरं पाठीवर सॅक टाकून डोंगरात, जंगलात फिरायला जातात. तिथं अडकलीच तर आग पेटवता यावी म्हणून हे किट. चपटी डबी. आत मेणाचे कापूसगोळे, बांबूचा वाळका कीस, एक काळी कांडी आणि ती घासायला लोखंडी पातं. कांडीवर पात्याची धार ओढली की ठिणग्या पडतात. शहरातली एक कंपनी सामान पाठवायची, आमचा बचत गट डब्या भरून द्यायचा. झाकणावर इंग्रजीत ‘सर्व्हायव्हल फायर किट’ छापलेलं. आम्ही म्हणायचो आगीची डबी.

चौघी कोण? वंदना गटाची अध्यक्ष, कंपनीशी फोनवर बोलणारी. मीरा टेस्टिंगवाली, प्रत्येक खेपेतली एक डबी उघडून पेटवून बघणारी. कौसल्याकाकी वयानं सगळ्यात मोठी. आणि मी, शेवटी डबीला टेप गुंडाळणारी.

*

ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी कंपनीचे साहेब आले. तरणे, हसतमुख. आम्हाला म्हणाले, “समजा, तुम्ही जंगलात एकट्या आहात. लाईट नाही, मोबाईलला रेंज नाही, आजूबाजूला जनावरं. हातात फक्त ही डबी. आग पेटवली. आता पुढं काय कराल?”

कौसल्याकाकी म्हणाली, “सयपाक!”

साहेब इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. जाताना म्हणाले, “काकी, हे मी आमच्या मीटिंगमध्ये सांगणार.” काकीनं आम्हाला विचारलं, “काऊन हासला वं तो? मंग आग कायले पेटवते मानूस?”

*

वंदनाच्या सासूला हे काम अजिबात पसंत नव्हतं. वंदना सकाळी डबा भरून निघाली की सासू ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, “घरची चूल मी पेटवतो, अन् सून जगाची पेटवाले चालली!”

वंदना एकदाही उलटून बोलली नाही. पुढं सासू अंथरुणाला खिळली. वंदना पहाटे चूल पेटवायची, पाणी तापवायची, सासूला पुसून काढायची आणि मग हॉलवर यायची. एकदा उशीर झाला तर सासूच म्हणाली, “जा ना वं आता, जगाची चूल थंडी होऊन राहिली.”

त्या आठवड्यातच म्हातारी गेली. वंदना आजही हे सांगताना आधी हसते.

*

एका संध्याकाळी वादळ सुटलं. लाईट गेली. हॉलमध्ये काळोख. वंदना ओरडली, “माचीस आहे का वं कोनाजवळ?” मी पिशवी चाचपली. मीरानं पदर झटकला. काकीनं बटवा उलटा केला. कोणाकडंच नाही. रस्त्यापलीकडच्या टपरीवर जायचं तर बाहेर पत्रे उडत होते. आम्ही चौघी भिंतीला टेकून बसलो, आणि आमच्या चारी बाजूंना छतापर्यंत आगीच्या डब्यांची खोकी!

बऱ्याच वेळानं काकी म्हणाली, “आग तं पाठवली, मेणबत्तीबी कंपनीच पाठवन का आता?”

तेव्हा कुठं आमच्या डोक्यात उजेड पडला.

*

टेस्टिंग करता करता एकदा मीराची भुवई जळली. डावी, अर्धी. खाली वाकून फुंकर मारायला गेली आणि कापूस एकदम भडकला. आम्ही पाणी ओतलं, मलम लावलं, मग हसलो. अर्ध्या भुवईची मीरा सतत काहीतरी विचारल्यासारखी दिसायची!

तिचा नवरा हैदराबादेला सेंट्रिंगच्या कामावर. पोळ्याला घरी यायचा होता. मीराला मोठी काळजी. “का म्हनन वं तो? काम सोडून दे म्हनन.” वंदनानं आपली काजळाची डबी दिली. मी भुवई काढायला शिकवलं. पण मीराच्या मनात काय आलं कोण जाणे, तो आला त्या दिवशी तिनं काजळ लावलंच नाही. बघू म्हणाली, काय म्हणतो ते.

पोळा झाला, दुसऱ्या दिवशीचा पाडवा झाला, तो परत गेला. आम्ही विचारलं, “का म्हनला?”

मीरा कापसाचा गोळा वळत म्हणाली, “बैलाच्या शिंगाचा रंग उडाला म्हनला.”

*

डबीत घालायला कंपनीनं एक चिठ्ठी छापून पाठवली होती. मी ती मोठ्यानं वाचत होते. “आग पेटती ठेवल्यास अस्वलासारखे वन्य प्राणी जवळ येत नाहीत.”

वाचून झाल्यावर माझ्या ध्यानात आलं आणि जीभ चावली. कौसल्याकाकीचा नवरा मोहफुलं वेचायला गेला होता, पहाटे, झाडाखाली. अस्वलानं फाडला. दवाखान्यापर्यंत पोचलाच नाही. काकी तिथंच होती, दोन झाडं सोडून.

मी चिठ्ठी उलटी ठेवली. काकी म्हणाली, “आमच्या बुढ्याच्या तोंडात बिडी होती. पेटलेली.”

काकीनं आमच्याकडं एकेक करून पाहिलं. “हासा ना वं! तुमाले हासवाले सांगतलं म्या. माझं रडून झालं.”

आम्ही हसलो नाही. काकीच एकटी हसली, आणि मग डोळ्याला पदर लावून म्हणाली, “मेनाचा धूर लय होते इथं.”

त्या वेळी मेण तापायला ठेवलंच नव्हतं.

*

आता शेवटचा.

एका दुपारी कंपनीचा फोन आला. वंदना बोलायला बाहेर गेली, आत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. कॉलेजातला एक मुलगा एकटाच डोंगरात फिरायला गेला, पावसात रस्ता चुकला, थंडीनं गारठून त्याचा जीव गेला. दुसऱ्या दिवशी सापडला. सॅकमध्ये आपली डबी होती. त्याच्या वडिलांना ती जिथं भरली ती जागा बघायची आहे.

“साहेब म्हनले, त्याईच्या समोर पेटवून दाखवा. माल चांगला आहे हे दिसलं पाहिजे. नाई तं पुढची ऑर्डर विसरा.”

ते वडील आले बसनं. पन्नाशीचे गृहस्थ, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. त्यांनी चप्पल बाहेर काढली, सतरंजीवर बसले आणि खिशातून डबी काढून समोर ठेवली. माझा टेप जसाच्या तसा होता. कोणी उघडलीच नव्हती.

वंदना घाईघाईनं म्हणाली, “भाऊ, टेप ओढला का निघते. आमी...”

“मी तक्रार करायला नाही आलो, ताई,” ते म्हणाले. “ही मीच त्याला घेऊन दिली होती. एकटा जातोस तर जवळ असू दे म्हटलं. मग त्यानं उघडली का नाही? विसरला? झोप लागली? त्याची आई रोज विचारते. उघडली असती तर वाचला असता का?” त्यांनी डबी मीराकडं सरकवली. कुठल्या तरी एकीकडं सरकवायची म्हणून. “हीच पेटवून दाखवा. मला बघायचं आहे.”

मीरानं टेप काढला. कापूस बाहेर घेतला, कोरडा ठणठणीत. बोटांनी पिंजला, फरशीवर ठेवला. एका हातात कांडी, एका हातात पातं. मीरा म्हणजे ओल्या हातानंसुद्धा एका घासण्यात पेटवणारी बाई.

तिनं घासलं. काही नाही. पुन्हा घासलं. ठिणगी नाही. तिसऱ्यांदा जोर लावून घासलं.

मी तिच्या अगदी शेजारी होते. धारेची बाजू तिनं वर धरली होती. कांडीवर घासत होती ती पात्याची बोथट पाठ.

ते गृहस्थ कापसाकडं बघत होते. मी वंदनाकडं पाहिलं. वंदना मीराच्या हाताकडं बघत होती. तिलाही दिसलं होतं.

मीरानं कांडी खाली ठेवली. “नाई पेटत, भाऊ. थंडी-पावसात ओल धरते हे. त्यानं उघडली असती तरी पेटली नसती.”

“नक्की?” त्यांनी वंदनाला विचारलं.

आमच्या डबीत खोट आहे, असं वंदनाच्या तोंडून कंपनीनंसुद्धा कधी ऐकलं नव्हतं. एक गोळा लहान पडला तर खोकं परत उघडायला लावणारी बाई ती. तिनं सतरंजीची दशी ओढली, सोडली.

“हो, भाऊ,” ती म्हणाली. “त्या खेपेचा मालच खराब होता. आमची चूक झाली.”

आता ते ओरडतील म्हणून मी मान खाली घातली. ते ओरडले नाहीत. “म्हणजे त्याच्या हातात काहीच नव्हतं,” एवढंच म्हणाले. दोनदा म्हणाले. मग दोन्ही हातांनी तोंड झाकून खूप वेळ रडले. आम्ही कोणी त्यांना गप्प केलं नाही.

कौसल्याकाकीनं आपला डबा उघडला. भात आणि लाखोळीच्या डाळीचं वरण. मीरानं भाजी ठेवली, मी चटणी. काकी म्हणाली, “हात धुवा, भाऊ.”

नागपूरच्या बसमध्ये वंदनानं त्यांना स्वतः बसवून दिलं. ती परत येते तोच कंपनीचा फोन. तिनं या वेळी बाहेर न जाता आमच्यासमोरच स्पीकर लावला.

“आले होते का? पेटवून दाखवलं?”

“दाखवलं.”

“पेटलं ना?”

“नाई पेटलं, साहेब.”

“अहो, काय बोलताय? मग ते काय म्हणाले?”

वंदनानं आमच्या तिघींकडं पाहिलं.

“काई नाई,” ती म्हणाली. “जेवून गेले.”