गजीच्या झग्याचा घेर

लीलाबाईच्या हातचं झंपर एकदा अंगात घातलं की दुसरीकडं कापड टाकायला नको वाटतं, असं आटपाडीकडच्या बायका सांगतात. झंपर, परकर, शाळेचे गणवेश, काय म्हणाल ते ती शिवते. तिच्या हातून कापड वाया गेलं ते एकदाच, आणि तेही घरच्याच माणसांचं.

तिचा दीर सयाजी गावच्या गजीमंडळाचा, म्हणजे धनगरी नाचाच्या मंडळाचा, म्होरक्या. बिरोबाच्या यात्रेत ढोल घुमायला लागला की पांढरे पायघोळ झगे घातलेले गडी हातात रुमाल घेऊन रिंगण धरतात आणि गिरक्या घेतात. गिरकीबरोबर झगा छत्रीसारखा फुलला पाहिजे. असे झगे शिवणारा म्हातारा शिंपी वारला, जुने झगे विरून गेले, आणि ती बेतणीही त्याच्याबरोबर गेली. लीलाबाईनं कमरेला चुण्या घालून नवे शिवले. दिसायला ऐटदार होते, पण गिरकी घेतली की कापड पायांत गुंडाळायचं. भर यात्रेत एक गडी तोंडावर आपटला. तेव्हापासून मंडळ सदरा-विजारीवर नाचू लागलं. तिला घरात कुणी एका शब्दानं बोललं नाही, आणि तेच तिला जास्त लागलं.

तिच्या भावाचं, नानासोचं, जयपुरात गलाईचं दुकान आहे. सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचा धंदा. दिवाळीनंतर त्यानं बहिणीला बोलावून घेतलं. भाची सोनियानं विचारलं, "आत्या, काय बघायचं? किल्ला का बाजार?"

"जुनी कापडं ठिवल्याली जागा आसंल तर तिकडं ने," लीलाबाई म्हणाली.

सोनियानं आधी एका नव्या संग्रहालयात नेलं. तिथं खुर्च्या, दिवे, घड्याळं, किटल्या मांडल्या होत्या. कोणती वस्तू कशी घडत गेली ते दाखवलेलं. लीलाबाईला मजा वाटली. पण तिचे पाय थबकले ते दुसऱ्या दिवशी, जुन्या पोशाखांच्या संग्रहालयात. काचेमागं एक पांढरा अंगरखा उभा होता. खाली घेर एवढा, की दोन माणसं आत मावावीत.

लीलाबाई खाली बसली. मग चक्क फरशीला गाल टेकून काचेतून घेराच्या आत बघू लागली. पहारेकरी धावत आला. सोनियाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आत्या, उठ ना. लोकं बघत्यात."

"बघू दे. चुण्याच न्हाईत गं ह्याला. कमरंपासनं नुसत्या निमुळत्या पट्ट्या जोडल्यात."

हे बोलणं ऐकून आतल्या दारातून एक तरुण बाई बाहेर आली. "कुठल्या हो तुम्ही?"

"आटपाडीकडच्या."

"मी वाईची. ज्ञानदा. इथल्या कपड्यांची दुरुस्ती माझ्याकडं असते." लीलाबाईनं झग्यांची सगळी कथा सांगितली, पडलेल्या गड्यासकट. ज्ञानदानं ती हसण्यावारी नेली नाही. वरिष्ठांना विचारून तिनं दोघींना आत नेलं. तिथं लांबलचक मेजावर असाच एक फाटका अंगरखा दुरुस्तीसाठी उसवून पसरला होता.

"ही एक कळी," एका निमुळत्या पट्टीकडं बोट करून ज्ञानदा म्हणाली. "हिची एक कड सरळ, दुसरी तिरकी. एकीची तिरकी कड शेजारणीच्या सरळ कडेला जोडायची. दोन तिरक्या एकत्र आल्या तर शिवण लोंबते."

लीलाबाईनं हात पाठीमागं धरले होते, चुकून लागायला नकोत म्हणून. "परत एकदा सांगा," ती म्हणाली. ज्ञानदानं परत सांगितलं, मग कागद कापून दाखवला. लीलाबाईचा चेहरा उजळला. "म्हंजी कमरंला भारच न्हाई. सगळा घेर खाली."

गावी आल्यावर तिनं वर्तमानपत्रं कापली, मग जुनी चादर, मग कोरं कापड. झगा तयार झाला तसा सयाजी मागं सरला. "वैनी, नगं आता. लोकं हसत्यात."

"भावजी, अंगणात एक गिरकी घ्या. न्हाई फुलला तर पुन्यांदा नाव काढणार न्हाई."

सयाजीनं नाइलाजानं गिरकी घेतली. झगा उचलला, ताणला, आणि कमरेभोवती गरगरीत फुलला. कोंबड्या चहूकडं पळाल्या. सासरे आकाराम बाजेवर पडून होते, ऐन उमेदीत नावाजलेले गजीवाले. ते उठून बसले.

"परत फिर," ते म्हणाले. सयाजी परत फिरला. "आता फिरतोय झगा," म्हातारा म्हणाला आणि डोळे पुसू लागला.

यात्रेत सगळं मंडळ नव्या झग्यांत उतरलं. ढोल चढत गेला, गिरक्या चढत गेल्या, आणि माळावर पांढरी फुलंच फुलं उमलली. बघणारे पुढं सरकत राहिले. बसलेली माणसं उभी राहिली. नाच थांबला तेव्हा जतकडच्या मंडळाचा पुढारी घाम पुसत सयाजीकडं आला. "कुठला शिंपी रं, गड्या?"

यात्रेचा मानाचा फेटा सयाजीसाठी आणलेला होता. तो घेऊन सयाजी बायकांच्या गर्दीत शिरला आणि लीलाबाईला रिंगणात घेऊन आला. तिथं, आख्ख्या यात्रेसमोर, त्यानं तिच्या डोक्याला तो बांधला. आकारामनं स्वतः ढोलावर टिपरी मारली.

लीलाबाई मागं बायकांत परत गेली नाही. फेटा तसाच ठेवून ती ढोलाशेजारी बसली आणि म्हणाली, "व्हू द्या अजून एक रिंगण. मला नीट बघायचंय."