भाड्याच्या घरात मरायचं नाही

कारखाना बंद पडला, तसं कंपनीचं क्वार्टर सोडायची नोटीस आली. पेपरात रोज नव्या आर्थिक धोरणाचं कौतुक. आमच्या वाट्याला ही नोटीस! नवरा नोकरीच्या मागे, म्हणून घर शोधणं माझ्याकडे. गौलीगुड्यात, कोठी बाजाराच्या मागे, 'टु-लेट'ची पाटी दिसेल तिथं मी कडी वाजवायची. भाडं जमायचं. मग प्रश्न यायचा, "घर में कौन कौन रहते?" सासूबाईंचा दमा कळला की दार बंद.

इथं भाडेकरूच्या घरी कुणी मेलं तर मालक घर विटाळलं मानतात. प्रेत अंगणातसुद्धा ठेवू देत नाहीत, वर बिऱ्हाड हलवायला लावतात. मेल्यांनो, तुमच्याकडे काय अमरपट्टा घेऊन आलेत सगळे? ओठांवर आलेलं गिळून मी पुढची पाटी शोधायची. रस्त्यावर यायची वेळ आली होती, अन्न गोड लागत नव्हतं.

शेवटी अंबरपेठेत माडीवरच्या दोन खोल्या कळल्या. सासूबाईच म्हणाल्या, "मला ने. ठणठणीत म्हातारी कशी असते, दाखवते त्यांना."

इस्त्रीचं नऊवारी नेसून, दम्याचा पंप ओढून त्या आल्या. मालकिणीदेखत जिना चढल्या आणि भिंतीला टेकून म्हणाल्या, "हवा अच्छी है जी इधर." माझा जीव टांगणीला! पण घर मिळालं.

भीती खरी तिथून सुरू झाली. खोकल्याची उबळ आली की त्या तोंडात पदर कोंबायच्या. मी धावत जाऊन नळ सोडायची.

"अहो आई, खोका की मोकळं!" मी चिडायची.

"गप गं. खाली ऐकू जातं."

एका सकाळी त्यांचे ओठ निळे पडले. नवरा डॉक्टरला घरी आणायला निघाला, तर त्यांनी माझं मनगट धरलं. "ऑटो बोलाव. इथं नक्को." जिना स्वतःच्या पायांनी उतरल्या. फाटकात मालकिणीला हसून म्हणाल्या, "बेटी के घर जातूं."

दुपारी सरकारी दवाखान्यातच त्या वारल्या. तिथूनच स्मशानात नेलं. घरी आणायचं आमच्यापैकी कुणी बोललंच नाही.

संध्याकाळी मालकीण फाटकातच उभी होती. "अम्मा वापस कब आते जी?"

"दिवाली को," मी म्हटलं.

वर गेले, नळ सोडला आणि पदर तोंडात कोंबला.