इर्जिकीचं जेवण

पालमकडच्या माळावर गोजरबाईचं दोन एकर उताराचं रान होतं. बैलाला पान लागलं, साप डसून तो गेला, जोडी मोडली, अन् नांगर सुटला. बाई काय करणार? ज्वारी कापून धसकटं तशीच ठेवली, पाला जागेवर कुजू दिला अन् त्यातच खुरप्यानं भोकं पाडून बी टोबलं. बायका हसल्या. "आगं गोजरे, रान हाय का उकंडा?" हसंनात का! तिसऱ्या साली धसकट उपटलं की मुळाशी गांडुळं वळवळायची, अन् पावसाचं पाणी जागीच मुरायचं.

ऊसतोडीच्या कोपीत तिचं पहिलं लेकरू तापानं गेलं होतं. दुसरी सत्यशीला, नुकती चालायला लागलेली. "हिला मी फडात नेणार न्हाई," हा गोजरबाईचा हट्ट. अवंदा घरापुरतं पिकलं की तोडीला न्यायला येणाऱ्या मुकादमाला दारातूनच वाटेला लावायचं होतं.

वैशाखात आई वारली म्हणून ती लेकीला घेऊन पिंगळीला गेली. नामांतराच्या बंदात एस.ट्या थांबल्या, बाई माहेरीच अडकली. इकडं दीर दिनकररावाला कळवळा आला. भावाची कंबर मोळ्या उचलून गेलेली, वैनी दुःखात, रान पडीक! त्यानं इर्जिक घातली. ज्याला जोडी नाही त्याचं रान गावानं मिळून नांगरायचं, अन् घरधन्यानं जेवू घालायचं, अशी ती जुनी रीत. दिवस मावळायच्या आत सगळं रान खोल उलथलं. बाई रान मुद्दामच नांगरत नाही, हे तिच्या नवऱ्याला, व्यंकटीला, ठाऊक होतं सगळं. पण औतं घेऊन दारात आलेल्या भावकीला नको म्हणायची त्याला लाज वाटली. जळो मेली ती लाज!

गोजरबाई आली तेव्हा ढेकळं उन्हात तडकत होती, अन् त्यांत गांडुळं वाळून काड्या झाली होती. ती बांधावर मटकन बसली. पण इर्जिकीचं राहिलेलं जेवण चुकवून कसं चालंल? तिनं लापशी शिजवली, पंगत वाढली.

"वैनी, रान कसं लोण्यावाणी केलं बगा!" दिनकरराव म्हणाला. तिला रडू आलं, ते तिनं चुलीच्या धुरावर ढकललं.

आषाढात पाऊस धो धो कोसळला. मोकळी माती ओढ्यात गेली, खाली मुरूम उघडा पडला. दसऱ्यानंतर मुकादमाची गाडी दारात उभी राहिली. गोजरबाईनं भांडी पोत्यात भरली अन् सत्यशीलेला कडेवर घेतलं.

दिनकरराव निरोपाला आला. त्याचे डोळे खरंच भरले होते.

"अवंदा देवानंच दगा दिला, वैनी. तुमी काळजी करू नगा. फुडल्या साली आमी पुन्यांदा इर्जिक घालू."