मी लावलेला शिक्का

लोणारच्या बसस्टँडसमोर माझं कटलरीचं दुकान आहे. एका बाजूला बांगड्या, टिकल्या, पिना; दुसऱ्या बाजूला छताला टांगलेली खेळणी. त्यातली बरीचशी चीनची. अकोल्याच्या ठोक व्यापाऱ्याकडून माल पोत्यानं यायचा. गिऱ्हाईक ‘चायनाचं हाय का?’ विचारायचं, ते फक्त स्वस्तातलं हवं म्हणून.

मग बाहेरून येणाऱ्या खेळण्यांवर सरकारनं कर वाढवला आणि नियमही आला, आयएसआयचा शिक्का नसलेलं खेळणं विकायचं नाही. टीव्हीवर ऐकलं तेव्हा मला बरंच वाटलं. आपले कारखाने चालतील, लेकरांच्या हाती धड वस्तू येईल. पण माझ्याकडे दोन पोती माल आधीच येऊन पडला होता आणि शिक्का एकावरही नव्हता.

व्यापाऱ्याला फोन केला. म्हटलं, माल परत घ्या.

“परत कोन घेते ताई? माह्याच गोदामात पडून हाय सारा. घाबरू नका, उपाय पाठवतो.”

पुढच्या पार्सलात चकचकीत स्टिकरची गुंडाळी आली. प्रत्येकावर शिक्का छापलेला. माझा नवरा एसटीत कंडक्टर. तो म्हणाला, “लावून टाक. तू एकटीच विकून राह्यली काय?”

एका दुपारी बसून मी सगळे डबे उरकले. टिकल्यांची पाकिटं दोऱ्याला लावताना हात चालतो तसाच तेव्हाही चालला.

खऱ्या शिक्क्याची खेळणीही थोडी आणून ठेवली होती. बाया ती उलटीसुलटी करून, किंमत ऐकून परत ठेवायच्या. त्या खेळण्यांच्या सेलच्या झाकणाला स्क्रू असायचा. चीनच्या खेळण्याचं झाकण नखानं उघडायचं. मला तेच सोयीचं वाटायचं, सेल पटकन बदलून देता यायचा.

जवळच्या खेड्यातली एक बाई अडीच वर्षांच्या मुलीसाठी पिवळं बदक घेऊन गेली होती. चालणारं, गाणं म्हणणारं. तीनेक आठवड्यांनी ती परत आली. चेहरा ओढलेला.

“ताई, तसंच बदक हाय का अजून?”

“का हो, बिघडलं का?”

“बदक चांगलं होतं. त्यातला सेल गिळला पोरीनं.”

रुपयाएवढा तो चपटा सेल मुलीच्या अन्ननलिकेत अडकला होता. आधी मेहकरला नेलं, तिथून संभाजीनगरला. दुर्बिणीनं काढला, पण तोवर आतून भाजलं होतं.

“नळीतून दूध देऊन राह्यलो. बदक बदक करते. तिच्या बापानं रागात नालीत फेकलं ते.” तिनं पदरानं तोंड पुसलं. “डॉक्टरले डबा दाखवला. ते म्हणे, याच्यावर तं शिक्का हाय. मंग माहीच चूक. माहंच ध्यान नव्हतं. घरी सारे तेच म्हणतात.”

दुकानात कॉलेजच्या दोन मुली नेलपॉलिश पाहत होत्या. मी म्हणाले, “बदकं संपली.”

तिनं वर पाहिलं. माझ्या डोक्यावर चार टांगलेली होती.

“हे काय?”

“ती विकायची नाहीत.”

“काऊन? सेल काढून द्या. सेल नकोच मले.”

काउंटर आणि मागचं कपाट यांच्यात माझी उभं राहण्यापुरती जागा आहे. रोज बारा तास मी तिथंच असते. त्या दिवशी पहिल्यांदाच तिथून बाहेर पळावंसं वाटलं, आणि वाट तिच्या बाजूनंच होती. ती पुन्हा म्हणाली, “माहंच ध्यान नव्हतं ताई,” आणि मला ते ऐकवेना.

“तुमची चूक नाही. तो शिक्का मी लावला.”

तिला कळलं नाही. मी गल्ल्याखालून उरलेली गुंडाळी काढून तिच्यापुढं ठेवली. तिनं एक स्टिकर बोटानं चाचपून पाहिला.

“म्हंजे हे तुमी चिटकवता?”

“हो.”

“तुमाले ठाऊक होतं?”

“शिक्का खोटा आहे हे ठाऊक होतं. सेलचं नव्हतं ठाऊक.”

हेही पुरतं खरं नव्हतं. झाकण नखानं उघडतं हे मी रोज पाहत होते.

ती स्टुलावर बसली. मुली काही न घेता निघून गेल्या. गुंडाळी माझ्याकडे सरकवत ती म्हणाली, “हे लिहून देता? घरच्याइले दाखवाले.”

बिलबुकाच्या पानावर मी सगळं लिहिलं, सही केली. तिनं घडी घालून कागद बटव्यात ठेवला आणि बदक न घेता गेली.

ऐकल्यावर नवरा ओरडला, “तुले समजते का काय करून ठेवलं? जेल होईन!” पुढं कितीतरी आठवडे दुकानापुढं जीप थांबली की मी हातातलं काम टाकून रस्त्याकडे पाहायचे. कोणीच आलं नाही, ना पोलीस, ना कोणी साहेब. व्यापारी फोनवर म्हणाला, “तो माल माहा नव्हेच.”

मी खेळणी उतरवली. विकायची नाहीत, परत जात नाहीत, घंटागाडीत टाकली तर कचरा वेचणाऱ्या लेकरांच्या हाती लागतील. एकेकातला सेल काढून दोन्ही पोती आमच्या पलंगाखाली ढकलली. अजून तिथंच आहेत. झाडताना केरसुणी अडते. गिऱ्हाईक विचारतं, “तुमच्याकडे नाही? त्या कोपऱ्यावर तर मिळते.” तिथल्या डब्यांवरही तसाच चकचकीत शिक्का आहे, आणि मी कोणत्या तोंडानं बोलणार?

त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी ती बाई बसस्टँडवर दिसली, मुलगी कडेवर. मी रस्ता ओलांडून गेले.

“बरी आहे?”

“मऊ मऊ खाते आता. अन्नाची नळी आकसते म्हणून अजून दवाखान्यात न्या लागते.” मग मुलीला कडेवर सावरत म्हणाली, “कागद दाखवला घरी. आता मले कोनी बोलत नाही.”

केळ्याचा नखाएवढा तुकडा तोडून तिनं मुलीच्या तोंडात घातला आणि तो गळ्याखाली उतरेपर्यंत तिच्याकडे पाहत राहिली. मीही पाहत राहिले. तुकडा उतरला. तिनं दुसरा तोडला.