काठावरचा मिस्त्री

मोटर फिरत होती आणि पाणी येत नव्हतं. पाटील विहिरीच्या काठावर उभा. मी त्याच्यापासून चार हात लांब. खाली, विहिरीतल्या कट्ट्यावर, त्याचा सालदार किसन पंपापाशी. उन्हाळ्याचे दिवस होते, मिरची माना टाकत होती.

नांदुऱ्याच्या शेठजीनं मला सकाळीच सांगून धाडलं होतं, हे काम केलं तर नोकरीत पक्का, नाही केलं तर गावातच थांब, परत येऊ नको. त्याच्या मोटर-पंपाच्या दुकानात मी हेल्पर होतो. आणि त्यानं धाडलं ते माझ्याच गावात, पिंपळगाव राजाच्या पलीकडं.

त्याआधी मी मोटा शिवायचो. आम्ही चांभार. मोट म्हणजे विहिरीतून पाणी ओढायची चामड्याची मोठी पिशवी. बैल ओढायचे. माझा बाप याच पाटलाच्या मोटा शिवता शिवता मेला. मग भागात वीज आली, मोटरी आल्या, आणि मोट कोणी सांगेना. मी आणि बायको एकमेकांची तोंडं पाहत बसलो. तिनंच कुठून तरी ऐकलं. म्हणाली, "पंपात बी चामडं लागते म्हनतात. जाऊन इचारा तरी."

खरंच लागायचं. चामडं नीट कापता येतं म्हणूनच शेठजीनं मला ठेवलं. शाळा मी तिसरीत सोडलेली. पुढं जे झालो ते तिच्या त्या एका बोलण्यावर झालो. ती गेली त्याला आता वर्ष होईल. घरात बोलायला कोणी नाही म्हणून हे लिहितो आहे.

पंपाचं सांगतो. पंपाचा एक पाईप पाण्यात सोडलेला असतो. त्याच्या बुडाला फूट व्हॉल्व्ह. शेतकरी त्याला फुटबॉल म्हणतात, आम्हीही तेच म्हणायचो. त्याच्यात चामड्याची झडप असते. ती पाणी वर जाऊ देते, खाली पडू देत नाही. झडप बिघडली की पाईपातलं पाणी उतरून जातं आणि पंप नुसती हवा ओढत बसतो. इलाज एकच. खाली उतरायचं, पाईप उचलायचा, फुटबॉल खोलायचा, नवीन चामडं बसवायचं.

मी चप्पल काढली तसा पाटील म्हणाला, "तू काऊन उतरतं बे? प्याचं पानी हाय ते. तू वरून सांग, किसन करते."

मग मी वरून सांगत राहिलो. चामड्याची गुळगुळीत बाजू खाली ठेव. किसननं तोंड वर केलं. "मिस्त्री, इथं सारंच खाली हाय. कोनतं खाली?"

त्यानं झडप उलटी बसवली. मोटर लावली, पाणी नाही. पुन्हा खोलायला लावलं. या वेळी बोल्ट आवळलेच नाहीत. पाणी नाही. मी पान्हा कसा धरायचा ते हवेत हात फिरवून दाखवत होतो. किसनचा काही दोष नव्हता. नांगर धरणारा माणूस तो. दुपार कलली. संध्याकाळच्या एसटीनं शेठजीकडं काय तोंड घेऊन जायचं तेच डोक्यात होतं.

शेवटी मी बोललो. "पाटील, माह्या बापानं शिवलेली मोट दिवसभर याच पान्यात बुडत होती. तिचं पानी तुमी पेत होते."

"मोट येगळी, मानूस येगळा," पाटील म्हणाला.

मिरचीकडं बराच वेळ पाहिलं त्यानं. मग म्हणाला, "उतर. पन पान्याले हात नको लावू."

पाण्यातलं काम पाण्याला हात न लावता कसं होतं ते त्यालाच ठाऊक. मी उतरलो. कोपरापर्यंत हात पाण्यात घालून फुटबॉल काढला, चामडं नव्यानं कापलं, बसवलं, पाईप पाण्यानं भरून घेतला. मोटर लावली. पाटात पाणी धो धो पडलं. नांदुऱ्याला शेठजीनं मला पक्कं केलं. रात्री गावी परतलो, घरी बायकोनं गुळाचा शिरा केला.

दुसऱ्या दिवशी ती त्याच शेतात निंदायला गेली. संध्याकाळी आली, विळा कोपऱ्यात ठेवला.

"तुमची मोटर चांगली चालते," म्हणाली. "सारी इहीर उपसली तिनं. मंग गोमूत्र शिपडलं."

मी विचारलं, पाणी मिरचीला तरी दिलं का?

"नाल्यात सोडलं. बाटलेलं पानी मिरचीले काऊन देतीन?"

मी ताटावर बसलो नाही. ती बसली. म्हणाली, "मी काऊन उपाशी राहू? बाटली त्याईची इहीर."

विहीर कोरडी पडली तरी मोटर कोणी बंद केली नव्हती. रिकामा फिरला की पंप जळतो. पाटील तो बैलगाडीत घालून नांदुऱ्याला आला. शेठजी म्हणाला, माणूस पाठवतो. पाटील म्हणाला, माणूस नको, इथंच करून द्या. तो बाकावर चहा पीत बसला आणि मी त्याच्यासमोर पंप खोलला. नवीन फुटबॉलही मागितला त्यानं. त्याचं चामडं मीच कापलं. ते त्याच पाण्यात जायचं होतं. त्याला त्याचं काही नव्हतं.

तो गेल्यावर शेठजी म्हणाला, यापुढं ओळखीच्या गावात तुला धाडणार नाही. लांबच्या गावी जा, आणि नाव विचारलं तर नुसतं मिस्त्री सांग. मी तसंच सांगत राहिलो. पुढं स्वतःचं दुकान टाकलं तेव्हा बायको हटून बसली, बोर्डावर आडनावासकट नाव पाहिजे. तसं लिहिलं. गिऱ्हाईक आलंच. दुकानात आलेल्या पंपाला कोणी जात विचारत नाही.

नात्यातली पोरं विचारतात, धंदा कसा बदलला? सांगतो, हातातलं कसब जिथं लागतं तिकडं जा, पोट भरतं. गाव बदलेल म्हणून धंदा बदलू नका.

आता विहिरी आटल्या. जिकडंतिकडं बोअर. बोअर वीतभर रुंद, तिच्यात मोटर दोरानं सोडतात, माणूस कोणाचाच उतरत नाही. त्यामुळं आमच्या गावात आता भेदभाव राहिला नाही, असं पाटलाचा नातू भाषणात सांगतो.